गाणं चालू असेपर्यंत

माझ्या धाकट्या बहिणीला, मालनला, चिडलेलं कुणी कधी पाहिलेलं नाही. आमच्या घरात भांडणाचं खातं माझ्याकडे. आई कुडाळची, तिच्याकडून मी शिव्या घेतल्या. बाबा गुहागरचे, त्यांच्याकडून मालननं ताल घेतला. वाटणी बरोबर झाली. म्हणून ही गोष्ट मी सांगतेय. ती सांगायला बसली तर दोन वाक्यांत आटपेल, आणि त्या विक्रांत नवलकरला कुणी काही बोलणारच नाही. मी बोलणार. शिरा पडली त्याच्या तोंडार.

लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे. खाली मिरच्या कुटायचे डंक, वर पोटमाळा. डंक सुरू झाले की पोटमाळ्याच्या फळ्या थरथरतात. मालन लहानपणी तिथे बसून अभ्यास करायची आणि पायानं डंकाला जोड द्यायची. बाबा खालून ओरडायचे, "मालन, गणित कर!" आणि मग स्वतःच काउंटरवर बोटं वाजवत बसायचे. कारण बाबा, आनंदा भुवड, दुकानदार नंतर. आधी शक्ती-तुऱ्याचे शाहीर. त्यात दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात, मधे पोरं घुंगरं बांधून जाखडीचा फेर धरतात, आणि शाहीर एकमेकांना गाण्यातून सवाल टाकतात. बाबांचा नियम एकच. सवाल टाकला की जबाब येईपर्यंत ढोलकी थांबवायची नाही. समोरचा कितीही घामाघूम होऊ दे, कितीही पाणी मागू दे. मी फ्रॉकमधली पोरगी, पण समोरच्या शाहिराचे ओठ सुकलेले बघायला मला जाम मजा यायची.

मालन बी.कॉम. झाली आणि फोर्टात विमा कंपनीत लागली. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं तिला गिरगावात खोताच्या वाडीत ऑरोरा मिसकडे नेलं. मिस तिथल्याच, पण तरुणपणी स्पेनला गेल्या आणि सेव्हिल शहरात एका नाचाच्या कंपनीत केस पिकेपर्यंत राहिल्या. परत आल्या तेव्हा हातात काठी होती, पण टाच आपटली की कपाटातल्या बश्या वाजायच्या. पुढच्या खोलीतलं फर्निचर भिंतीला सरकवून त्या फ्लॅमेंको शिकवायच्या. आमच्या गल्लीत मी हे नाव पहिल्यांदा काढलं तेव्हा आमच्या मच्छीवाल्या जाईबाईला वाटलं कसलं तरी सर्दीचं औषध आहे.

त्या दिवशी मालन घरी आली ती चप्पल न काढताच माझ्यापुढे उभी राहिली. "ताई, तिकडे पण डंक आहेत गं," म्हणाली. डोळे असे चमकत होते की मला वाटलं, झालं, पोरगी प्रेमात पडली.

मग मीही जाऊन बसायला लागले. नाचायला नाही हो, मिसच्या गोष्टी ऐकायला. मिस सांगायच्या, हा नाच कुठल्या दरबारात जन्मलेला नाही. स्पेनच्या दक्षिणेला, आंदालुसियात, जिप्सी लोक जाऊन राहिले. त्यांचे पूर्वज फार मागे आपल्याच बाजूनं, उत्तर हिंदुस्थानातून, निघालेले. तिथे अरबांचे सूर होते, ज्यूंचे होते, शेतमजुरांची गाणी होती, ते सगळं एकात एक कालवलं गेलं. राजानं जिप्सींची भाषा बंद केली, पोशाख बंद केला. ते लोहाराच्या भट्टीत घण घालता घालता गायले. त्या गाण्यांना आजही गिटार लागत नाही. गिटार मागाहून आली, कॅफेत तिकीट लावून नाच दाखवणं त्याच्याही मागाहून. आधी गळा आणि टाळी, एवढंच.

"म्हणून नीट ऐका," मिस काठी आपटायच्या. "गाणारा मालक, नाचणारा भाडेकरू. कुठलं कडवं घ्यायचं ते गाणाऱ्याची मर्जी. नाचणाऱ्यानं त्या कडव्यावर नाचायचं. आणि गाणं चालू असेपर्यंत स्टेज सोडायचं नाही. सोडलं तर पुन्हा माझ्या दारात यायचं नाही."

मी हसले होते. मालक-भाडेकरूची भांडणं आमच्या चाळीत काय कमी होती.

विक्रांत तिथेच भेटला. राहायला माटुंग्याला, मूळ गिरगावचं जुनं घराणं, आजोबा मोठे सॉलिसिटर. उंच, देखणा, बोलणं लोण्यासारखं. हात फार सुंदर चालायचे त्याचे, ते मी नाकारत नाही. पायात मात्र काही नव्हतं. शिकवलेलं पाठ करायचा आणि घडाघडा म्हणून दाखवायचा, बस. शीवचा गौतम गिटार वाजवायचा. तिघांनी मिळून ग्रुप काढला, छोट्या छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम करायला लागले. मालनच्या मनात विक्रांतबद्दल आणखी काही होतं का? होतं. मला दिसायचं. त्यालाही दिसत असणार, म्हणून तर त्यानं ते वर्षानुवर्षं वापरलं. तिनं तो विषय बंद केला, मी पण करते.

बाबा गेले आणि मालननं महिनाभर नाचाचे बूट पिशवीतून काढले नाहीत. मग एके दिवशी पोटमाळ्यावरून टाचांचा आवाज यायला लागला. ती सोलेआ बसवत होती. सोलेआ म्हणजे एकटेपणाचं गाणं. बारा मात्रांचं चाक, फिरतं सावकाश, पण चिरडतं. त्यात तिनं बाबांना आणलं होतं. फेर सोडताना बाबा डावी टाच जमिनीवरून मागे ओढायचे, जणू मातीत काही राहिलंय. शेवटी अगदी तसंच. मी खाली मिरच्या निवडत होते. ती टाच ओढल्याचा आवाज आला आणि मी हातातलं सूप ठेवून रडले. मिरचीच्या हातानं डोळे पुसले, मग विचारू नका.

सोलेआच्या पहिल्या कार्यक्रमाच्या तोंडावर ती पोटमाळ्याच्या शिडीवरून पडली. घोटा मोडला. विक्रांत धावत आला, उशाशी बसला. "शो कॅन्सल नको करूया. फेलोशिप देणारी दिल्लीची माणसं येणारेत. तू शिकव, मी नाचतो. तुझ्याच नावानं, मालन." प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून माझ्या बहिणीनं त्याला एकेक पाऊल दिलं. बोटांनी फळीवर वाजवून दिलं. बाबांची टाच कशी ओढायची ते मी, मी स्वतः, त्याला करून दाखवलं.

आणि त्या मेल्यानं काय केलं? स्टेजवर माइक घेऊन सांगितलं, की ही सोलेआ मी माझ्या आजोबांच्या आठवणीत रचली. आजोबा काठी टेकत चालायचे, त्यावरून ती शेवटची टाच सुचली. आजोबा! कोर्टात गाडीनं जाणारा माणूस! दिल्लीवाल्यांनी फेलोशिप दिली. पेपरात फोटो आला. गल्लीत लोक मला पेपर दाखवून विचारायचे, "दर्शना, हा तुमच्याकडे यायचा तोच ना?"

मालनचा पाय वर्षभरात नीट झाला. तेव्हा हा तिला म्हणतो, "तुझा घोटा आता भरवशाचा नाही गं. पण तुझा आवाज काय लागतो! तू मागे बसून गा." आणि ती बसली. का बसली? शहरात दुसरा ग्रुप नव्हता, आणि त्या नाचाशिवाय तिला राहवत नव्हतं. ती खुर्चीवर बसून स्पॅनिश कडवी गायची, टाळी द्यायची, आणि समोर तो तिच्या बापाला स्वतःचा आजा म्हणून नाचायचा. कार्यक्रम झाला की साहेबांच्या पायांना बर्फ लागायचा, बादलीत. तो बर्फ आणायचं काम मालनचं.

मालनऐवजी तो बर्फ मी न्यायचे, जाईबाईच्या टोपलीतून. मुद्दाम. बोंबलांखालचा. पाय बुडवले की विक्रांत नाक वर करून इकडेतिकडे बघायचा. "दर्शनाताई, कसला वास येतोय हो?" मी म्हणायचे, "हॉल जुना आहे रे." माझा सूड एवढाच, टोपलीएवढा. मला वाटायचं, मालनच्या अंगात तेवढाही नाही.

यंदा मार्चमध्ये तो दुकानात आला, पोस्टर घेऊन. दादरला मोठ्या नाट्यगृहात कार्यक्रम, दिल्लीची माणसं, पेपरवाले, आणि पहिल्या रांगेत ऑरोरा मिस. पोस्टरवर तो, त्याचं नाव, त्याची सोलेआ. त्यानंतर तो स्पेनला चालला होता, तीच सोलेआ घेऊन. डंक चालू होते, बायका मिरच्यांच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. मालननं पोस्टर बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "विक्रांत, या वेळी स्टेजवरून सांग. ही मालन भुवडनं तिच्या वडिलांसाठी केलीय. एक वाक्य. बाकी सगळं तू ने."

त्यानं आमच्याच बरणीतला चिवडा तोंडात टाकला. "अगं, फ्लॅमेंकोमध्ये कुणाचं काय असतं? सगळं परंपरेचं."

"मग पोस्टरवर परंपरेचं नाव लाव," मी म्हटलं.

तो हसला, हात झटकले आणि गेला. मी मालनला धरलं. "ऐक माझं. त्या दिवशी टाळी चुकव. ताल हलव. पडू दे तोंडावर, सगळ्यांसमोर."

"तालाला हात लावायचा नाही, ताई. ताल बाबांचा आहे." ती पोस्टरची घडी घालत होती. "तो सांगेल. स्टेजवरून, माइक नसताना सांगेल. मला तेवढंच पाहिजे."

"आणि नाही सांगितलं तर?"

"ढोलकी थांबणार नाही," ती म्हणाली. मला तेव्हा काही उमगलं नाही. मी आपली जाईबाईला बर्फाचं सांगायला गेले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मेकअपरूममध्ये मी तिचा अंबाडा घालत होते. तिनं पिशवीतून बूट काढले, नाचायचे, टाचेला आणि चवड्याला खिळे ठोकलेले. "खुर्चीवर बसून गाणारीला हे कशाला?" मी विचारलं. ती म्हणाली, "थंडी वाजते पायाला." एप्रिलमध्ये, दादरला! मी अंबाड्यात आकडे खोचत राहिले.

पडदा वर गेला. मागे दोन खुर्च्या, गौतम आणि मालन. पुढे विक्रांत काळ्या सूटमध्ये. मी विंगेत, बर्फाच्या बादलीपाशी. मालननं पहिलं कडवं स्पॅनिशमध्ये घेतलं, नेहमीचं. त्यानं हात उचलले. त्यानं माझ्या बहिणीची पावलं टाकली, टाळ्या घेतल्या. मग तो टाचा आपटून हाक देतो. नाचणाऱ्यानं हाक दिली की गाणारीनं पुढचं कडवं घ्यायचं. मालननं घेतलं. त्याच चालीत, त्याच मात्रांत. पण मराठीत.

*रिकाम्या हातानं आलास,*
*भरल्या घरात शिरलास,*
*माझ्या बापाचं पाऊल*
*तुझ्या आजाला दिलंस.*

बाबांचा आवाज होता तो. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. विक्रांतची मान क्षणभर वळली, पण हात चालू राहिले, कारण गाणं चालू होतं आणि पहिल्या रांगेत मिस बसल्या होत्या. त्या आपल्याच बदनामीवर तो डौलदार नाचत होता. मी तोंडावर पदर दाबून हसले. हो, हसले.

कडवं संपताच त्यानं घाईघाईनं शेवटची हाक दिली. जोरात. म्हणजे आता वेगाचं कडवं घे, संपव, मला जाऊ दे. गौतमची बोटं तारांवर थांबली, त्यानं मालनकडे बघितलं. गिटारवाला गाणारीचं ऐकतो, नाचणाऱ्याचं नाही. मालननं डोळे मिटले आणि पुन्हा संथ, अगदी पहिल्या लयीत, सवाल टाकला.

*मांडव माझ्या घामाचा,*
*तोरण तुझ्या नावाचं,*
*सांग रे सांग, नाचणाऱ्या,*
*पाऊल कुणाच्या बापाचं?*

मागच्या रांगांतून शिट्टी आली. आमच्या गल्लीतल्या बायका होत्या तिथे, मीच पास दिले होते. दिल्लीवाले शेजाऱ्यांना अर्थ विचारायला लागले आणि शेजारी सांगायला लागले.

विक्रांतकडे पाठ केलेलं संपलं. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "हे मघाशी झालं ना?" तो हाक देई, मालन सवाल टाकी. तो हाक देई, मालन सवाल टाकी. शर्ट पाठीला चिकटला. गिरकी घेतल्यासारखं करून तो तिच्या खुर्चीपाशी आला आणि दातांतून म्हणाला, "मालन, बस कर. मी हात जोडतो, बस कर." ते मला विंगेत ऐकू आलं. तिनं त्याच्याकडे बघत तोच सवाल गायला, आणखी हळू.

तो सरळ माझ्या बाजूला, विंगेकडे निघाला. मी बादली उचलून वाटेत उभी राहिले. पण माझी गरजच पडली नाही. पहिल्या रांगेतून काठी आपटली. "विक्रांत! गाणं चालू आहे!"

तो थांबला. मधोमध जाऊन उभा राहिला, हात खाली. मालन नुसती टाळी देत होती, बारा मात्रा, पुन्हा बारा मात्रा. आख्ख्या हॉलला ती पाठ झाली आणि लोक तिच्याबरोबर टाळी द्यायला लागले. त्याचे ओठ सुकलेले मी बघितले. तसेच, लहानपणी बघायचे तसेच.

"मालनचं आहे," तो म्हणाला.

मालननं सवाल पुन्हा टाकला.

"ही सोलेआ मालन भुवडची आहे!" तो ओरडला. आवाज फाटला. "तिच्या वडिलांसाठी केलेली! टाच त्यांची आहे! आनंदा भुवडांची! माझ्या आजोबांचा काही संबंध नाही!"

टाळी थांबली. मला वाटलं, झालं, मिळालं तिला पाहिजे ते. मी डोळे पुसत होते, तेवढ्यात मालन उठली. तिनं आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली. आवाज झाला खुर्चीचा. "बस," ती म्हणाली. "टाळी दे."

त्यानं मिसकडे बघितलं. मिसनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी मान वर केली आणि जागेवरूनच, फुटक्या म्हाताऱ्या आवाजात, स्पॅनिश कडवं सुरू केलं. गाणं चालू झालं. आता कुणालाच जाता येणार नव्हतं. विक्रांत खुर्चीवर बसला आणि टाळी द्यायला लागला.

माझी बहीण नाचली. मला नाचातलं कळत नाही, पण एवढं सांगते: तिनं कुणाला खूश करायला एकही पाऊल टाकलं नाही. टाचा अशा पडत होत्या की समोरच्याची हाडं कुटून घ्यावीत. मिस एक कडवं संपवायच्या, मालन हाक द्यायची, मिस दुसरं घ्यायच्या. शेवटाची हाक ती देतच नव्हती. विक्रांत खुर्चीत वाकला, हात मांडीवर टेकायला गेला, तशी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि त्यानं पुन्हा टाळी उचलली. शेवटी, तिला वाटलं तेव्हा, तिनं ती डावी टाच ओढली. हॉल उभा राहिला. मी "बाबा!" म्हणून हाक मारली, ती कुणाला ऐकू गेली नसेल.

पडदा पडला. मालन विंगेत येऊन स्टुलावर बसली, घोटा टम्म सुजलेला. मी तिचे बूट काढले. मागोमाग विक्रांत आला. दोन्ही तळवे लालभडक, फुगलेले, बोटं मिटत नव्हती. बादलीकडे बघत म्हणाला, "दर्शनाताई, जरा बर्फ."

"आहे ना," मी म्हटलं आणि मालनचे दोन्ही पाय उचलून बादलीत ठेवले. बर्फ आज वाण्याकडचा होता, स्वच्छ; मालनचे बूट बघितल्यावर जाईबाईचा मी ओतून दिला होता. "हिचं झालं की घे."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. मालननं डोळे मिटून घेतले होते. पाय काढायची तिला काही घाई नव्हती.